खड्ड्यातला आकडा

सासूबाईंचा मिक्सर बंद पडला होता. तो पिशवीत घालून मी हनमकोंड्याच्या चौरस्त्यावर मल्लेशमच्या दुकानात गेलो होतो. शुक्रवार होता, दसऱ्याचा दुसरा दिवस. निम्मी दुकानं उघडली नव्हती. रस्त्यात चुरगळलेला झेंडू पडला होता आणि घराघरांतून मटणाच्या फोडणीचा वास येत होता.

मल्लेशमने मिक्सरचं बूड उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“सार, तुमच्या अत्तगारूंनी यात काय दळलं?”

“हळकुंडं.”

“मग मोटार बिचारी जीव देणार नाही तर काय करणार? जावई आहात ना, एक गिरणी घालून द्या सासूबाईंना.”

मी हसत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या प्रयोगशाळेचा रखवालदार नरसिंग होता.

“सार, यादगिरी खड्ड्यात पडलाय.”

“बाहेर काढा. कुणी आत उतरू नका, आधी दारं उघडा, पंखे लावा...”

“सगळं केलं सार. बाहेर आणलाय. गवतावर ठेवलाय.”

“मग?”

मल्लेशमने नेमका तेव्हाच मिक्सर लावून पाहिला. तो सुरू झाला. त्या घरघरीत माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता, पण नरसिंग पुढे जे बोलला ते मी नीट ऐकलं.

“झाला बघा, सार,” मल्लेशम म्हणाला. “अजून दहा वर्षं चालेल.”

खरोखरच चालतोय. सहा वर्षं झाली, सासूबाई अजून त्याच्यावर चटणी वाटतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय, नाहीतर मी या गोष्टीबद्दल बोलत नाही. आमची प्रयोगशाळा जिडीमेटल्याला, औषधांच्या कारखान्यांच्या मधोमध. कारखान्यांतून पांढऱ्या भुकट्या आमच्याकडे येतात. त्यांत नेमकं काय आहे, काय मिसळलंय, हे आमचं यंत्र सांगतं. एनएमआर म्हणतात त्याला. दिसायला ते माणसाहून उंच असं एक पांढरं पिंप आहे, पोटात चुंबक असलेलं. औषध काचेच्या बारीक नळीत भरायचं, नळी वरून आत सोडायची आणि शेजारच्या खोलीत बसून संगणकावर उमटणाऱ्या रेषा वाचायच्या. चुंबकाला सतत गारवा लागतो. आतल्या पोटात द्रव हेलियम, बाहेरच्या पोटात द्रव नायट्रोजन. नायट्रोजन दर शुक्रवारी भरायचा. आणि या चुंबकाला बंद करायचं बटण नसतं. एकदा जागं केलं की ते वर्षानुवर्षं जागं राहतं. वीज गेली, कुलपं लावून सगळे घरी गेले, तरी ते तिथे जागंच असतं.

इमारत जुनी आहे, छत ठेंगणं. हेलियम भरायची लांब दांडी वरून आत घालायला जागा लागते, म्हणून चुंबक बसवताना आम्ही जमीन चार फूट खणली आणि ते खड्ड्यात उभं केलं. पाच पायऱ्या केल्या. ती कल्पना माझी. कागदावर ती बरोबर होती. पण नायट्रोजनचा गार वायू जड असतो, तो खाली बसतो. सांडला तर खड्ड्यात तळ्यासारखा साठतो. वरचं धुकं विरलं की तळं दिसतही नाही.

हवेतला प्राणवायू गेला की माणूस गुदमरतो, असं लोकांना वाटतं. इथे तो गुदमरत नाही. छाती वरखाली होत राहते, श्वास आत जातो, बाहेर येतो, काही कमी पडतंय असं जिवाला वाटत नाही. दोन-तीन श्वास तसेच जातात आणि मग पाय जातात. म्हणून खड्ड्याच्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्राणवायू मोजणारी एक डबी लावली होती. चांगल्या हवेत ती वीस पूर्णांक नऊ दाखवते. साडेएकोणीसच्या खाली गेली की शिट्टीसारखी ओरडते. माणसाला जे कळत नाही ते तिला कळावं, एवढंच तिचं काम.

शिवाय नियम असा की नायट्रोजन भरताना माणसं दोन हवीत. एक आत, एक दारात. तो मीच लिहिला होता. मोठ्या तेलुगू अक्षरांत भिंतीवर लावला होता, खाली माझी सही होती.

यादगिरी जनगावकडचा. आयटीआय झालेला, अठरा वर्षं माझ्याबरोबर. चुंबक पेटीतून उतरवलं तेव्हा दोर धरायला तो होता. त्याच्या वहाणांना मोच्याने ठोकलेले लोखंडी खिळे होते, म्हणून जमिनीवरच्या लाल पट्ट्याच्या अलीकडे वहाणा काढून तो अनवाणीच आत जायचा. “देवळात जातो तसा,” म्हणायचा. आणि लगेच, “देवाचे नखरे परवडले, सार. याला शुक्रवारी पाजलं नाही की जावयासारखा रुसतो.”

त्या बुधवारी आयुधपूजा होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. सुताराची करवत, रिक्षा, वजनकाटा, सगळ्यांना हळद-कुंकू, हार आणि दिवसभर विश्रांती. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक यंत्राची वायर काढून ठेवतो, त्याच्यासमोर नारळ फोडतो, आणि काम पुन्हा सुरू होईपर्यंत ती वायर कुणी लावत नाही. चुंबकाची पूजा करायला मी खाली उतरलो होतो. तबक पितळेचं घेतलं होतं. स्टीलचं नेलं असतं तर हातातून उडून चुंबकाला जाऊन चिकटलं असतं. यादगिरी वर लाल पट्ट्याबाहेर पोरांना प्रसाद वाटत होता.

“सार,” तो वरूनच ओरडला, “सगळे झोपले. हा एकटाच जागा. याला कसा झोपवायचा?”

“याला बटण नाही बाबा.”

“मग याच्यातलं काहीतरी बंद करा. वर्षभर राबलाय. पूजा अर्धी राहते अशानं.”

माझ्या हातात झेंडूचा हार होता. समोर गुडघ्याशी ती डबी, तिचा हिरवा दिवा. हीसुद्धा वर्षभर जागी आहे, असं माझ्या मनात आलं. मी तिची विजेची पिन काढली, कुंकू लावलं आणि हार तिच्यावरच टाकला. हार जाडजूड होता. डबी त्याच्यामागे पुरती झाकली गेली.

“झालं,” मी म्हणालो. “एक झोपलं.”

“कोण?”

“आहे एक.”

तो हसला. त्याने खाली वाकून पाहिलं नाही. त्याच्या हातात पुलिहोऱ्याचं, चिंचेच्या भाताचं, पातेलं होतं. शुक्रवारी सकाळी मी येणारच होतो. पिन मीच लावणार होतो.

शुक्रवारी साडेअकराला त्याचा फोन आला.

“सार, निघालात ना?”

“संध्याकाळी निघतो. सासूबाई सोडत नाहीत.”

“मग नायट्रोजन?”

“पातळी किती आहे?”

“पस्तीस टक्के.”

पस्तीस टक्के म्हणजे उद्यापर्यंत सहज निभलं असतं. उद्या भरू, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “दोनशे वेळा भरलायस तू. भरून टाक. दार उघडं ठेव.”

“दारात उभं राहायला कुणी नाही, सार. नरसिंग गेटवर. बाकीचे सगळे रजेवर.”

“मग पटकन आटप.”

“पटकनच आटपायचंय. मेहुणा, बावमरिदी माझा, यायचाय घरी. राजव्वाने सकाळपासून चारदा सुनावलंय, बकरा तुमच्यासाठी थांबणार नाही म्हणून.”

आम्ही दोघं हसलो. मी फोन ठेवला आणि मिक्सर पिशवीत घातला. डबी मला आठवली नाही.

नायट्रोजन भरायच्या नळीचा जोड गारठून निसटला होता. द्रव खड्ड्यात सांडत राहिला. यादगिरी नायट्रोजनच्या टाकीचा नळ बंद करून मग घाईत, वहाणा न काढताच, जोड पाहायला खाली उतरला असणार. चौकशी समितीने तसंच लिहिलं. पुढे लिहिलं की प्राणवायूच्या डबीची पिन काढलेली आढळली. ती कुणी काढली, असं मला विचारलं. समोर तीन माणसं, मधे पाण्याचे झाकलेले पेले. मी म्हणालो, माहीत नाही. अहवालात वाक्य आलं : बहुधा कर्मचाऱ्यानेच काढली असावी.

यादगिरीच्या बायकोला, राजव्वाला, आमच्याकडेच नोकरी दिली. फरशी पुसायची, पाणी भरायचं. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. मला ती तेव्हापासून अन्ना, म्हणजे दादा, म्हणते.

“अन्ना, कागदात लिहिलंय की त्यांनीच ती पिन काढली. खरंय का?”

मी फायलीत पाहत राहिलो.

“काढली असेल,” तीच म्हणाली. “आवाज नको असेल मधेमधे. घाई होती ना त्यांना. मीच केली होती घाई. चारदा बोलले मी त्यांना त्या सकाळी. चारदा.”

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं होतं, आणि वाक्य अगदी छोटं होतं. मी तिला म्हणालो, “बस. चहा घे.” तिने उभ्यानेच चहा घेतला.

त्यानंतर चार महिन्यांनी पहिल्यांदा ते झालं.

अपघातानंतर आम्ही खोलीच्या दाराबाहेर एक पाटी बसवली होती. खड्ड्यातल्या डबीचा आकडा तिच्यावर लाल अंकांत दिसतो, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधीच कळावं. त्या शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास मी नायट्रोजन भरायच्या तयारीसाठी एकटाच आत गेलो. टाकी अजून बाहेर व्हरांड्यात होती, तिचा नळ घट्ट बंद. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पांढऱ्या पिंपावर झळकत होतं. बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजून थांबला. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला ओळखीची वाटली, म्हणजे कुणीतरी शेजारी उभं राहून काम करतंय आणि बोलत नाही, तशी. मग वास आला. हाराचे झेंडू पाण्यात कुजल्यावर जसा येतो तसा.

मी खड्ड्यात वाकून पाहिलं. डबी. वीस पूर्णांक नऊ. पाहता पाहता वीस पूर्णांक आठ. सहा. दोन.

मी श्वास धरून उभा राहिलो. धरायला नको होता, पण धरला. एकोणीस पूर्णांक नऊ...

“सार, टाकी आणू का आत?” नवा तंत्रज्ञ सैदुलू दारातून म्हणाला. त्याचा पाय उंबऱ्यावर पडला आणि आकडा वीस पूर्णांक नऊ झाला. हळूहळू चढला नाही. एकदम झाला.

डबी बदलली. ती विकणाऱ्याकडचा माणूस दोनदा येऊन तपासून गेला. “सार, डबी निरोगी आहे,” तो म्हणाला, “तुमच्यापेक्षा निरोगी.” तिसरी डबी आणली. दुसरं कुणी आत असलं, सैदुलू एकटा असला, राजव्वा एकटी पुसत असली, तर आकडा ढिम्म हलत नसे. मी एकटा असलो की तो उतरायचा. दर वेळी थोडा अधिक. भरताना एकटं आत जायचं नाही, हा माझाच नियम. मी तो एरवीही पाळू लागलो. लोकांना वाटलं, सार आता फार काटेकोर झाले.

अशी पाच वर्षं गेली. गेल्या मे महिन्यात जुनं चुंबक काढून नवं, मोठं बसवायचं ठरलं. ते बसवायला चेन्नईहून इळंगो नावाचा इंजिनियर आला. तिशीतला, गोल चेहऱ्याचा, सारखा काहीतरी खात असणारा. मी त्याला म्हणालो, खड्डा बुजवू या. त्याने टेपने छत मोजलं आणि मान हलवली.

“छत तुमचं बुटक्यांसाठी बांधलंय, सार. खड्डा राहणार. खड्ड्याला भिऊन कसं चालेल? भ्यायचंच तर माझ्या साहेबाला भ्या.”

पण काम त्याचं चोख होतं. वाफेचा नळ थेट छताबाहेर काढला. जमिनीची थरथर मोजली. हातात चुंबकसूची घेऊन त्याने खोलीची इंच न् इंच जागा फिरून पाहिली आणि लाल पट्टा पुन्हा आखला. दारात उभं राहणाऱ्याने काय करायचं ते सैदुलूकडून तीनदा म्हणवून घेतलं. “डबी ओरडली तर?” “आत जायचं नाही.” “आत तुझा बाप पडला असला तर?” “आत जायचं नाही.” “शाबास. बापाला माझा नमस्कार सांग.” राजव्वा तेव्हा कोपऱ्यात फडकं पिळत होती. सैदुलूने माझ्याकडे पाहिलं. इळंगोला काही माहीत नव्हतं.

नवं चुंबक जागं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या खोलीत संगणकासमोर बसलो होतो. चुंबक किती स्थिर आहे हे दाखवणारी एक आडवी रेषा असते. जवळून कुणी लोखंड घेऊन गेलं तरी ती थरथरते. सकाळची अकराची वेळ. रेषा ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती. मग ती किंचित खाली वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली.

“कोण गेलं आत?” इळंगोने केळ्याचा वेफर तोंडाजवळ नेता नेता विचारलं.

“कुणी नाही. कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे.”

“काहीतरी छोटंसं लोखंड आहे. चावी नाही. चावीपेक्षा कमी. बघा...” रेषा वाकली. “एक पायरी.” वाकली. “दोन. सार, तुमच्याकडे कुणाच्या चपलेला खिळे आहेत का?”

मी खिशातली किल्ली चाचपली.

“तीन,” तो म्हणाला. आता हळू बोलत होता. “चार... पाच.” रेषा सरळ झाली आणि सरळच राहिली. आम्ही बराच वेळ पाहत बसलो.

“वर नाही आलं,” इळंगो म्हणाला. मग वेफरची पुडी दुमडून त्याने खिशात ठेवली. आत जाऊन पाहिलं तेव्हा खोली रिकामी होती. काम आटपेपर्यंत त्याने पुन्हा विनोद केला नाही. मीही त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सगळे जेवायला गेले. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, कारखान्यांवरची हवा थरथरत होती. मी कुलूप काढून एकटाच आत गेलो. ठरवूनच गेलो होतो. राजव्वाला सांगण्याचं धैर्य नव्हतं, निदान त्याला सांगावं, असं मनात होतं. टाकी परत गेली होती. खोलीत सांडायला एक थेंब नायट्रोजन नव्हता. मी लाल पट्ट्याशी वहाणा काढल्या आणि पाच पायऱ्या उतरलो. खालची फरशी पायाला थंड लागली.

“यादगिरी,” मी म्हणालो.

नवा पंप दूर कुठेतरी टक् टक् करत होता.

“पिन मी काढली होती. पूजेच्या दिवशी. लावायची राहिली. समितीला मी माहीत नाही म्हणून सांगितलं.”

काही झालं नाही. मला वाटलं, किती सोपं होतं हे. मग तो वास आला, कुजलेल्या झेंडूचा, आणि मी खाली पाहिलं. वीस पूर्णांक पाच. वीस. एकोणीस पूर्णांक सहा. डबी ओरडायला लागली. त्या अरुंद खड्ड्यात तो आवाज कानात सुईसारखा घुसला. पळायचं असतं हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. मी पळालो नाही. कारण मला काहीच होत नव्हतं. श्वास छान चालला होता, छाती हलकी होती, झोप यावी तसं वाटत होतं. अठरा. सतरा पूर्णांक दोन... यादगिरीलाही असंच वाटलं असेल, असा विचार मनात आला, आणि त्या विचाराने बरं वाटलं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. गुडघे सुटले होते. मी पायरीला धरून खाली बसलो. खाली बसायचं नसतं.

“अन्ना.”

वर लाल पट्ट्यावर राजव्वा उभी होती. हातात ओलं फडकं. डबी ओरडतेय तर आत जायचं नाही, हे तिलाही पाठ होतं.

“अन्ना, वर या.”

मी मान हलवली. जमत नाही, असं म्हणायचं होतं.

तिने फडकं टाकलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. डबी गप्प झाली. आकडा वीस पूर्णांक नऊ.

तिने मला कोपराला धरून वर आणलं, व्हरांड्यात बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं. तिच्या हाताला फिनेलचा वास येत होता.

“कुणाशी बोलत होतात?” तिने विचारलं.

“कुणाशी नाही.”

“बोलणं ऐकू आलं मला. शब्द नाही कळले. पण दोघांचं होतं.”

मी पेला खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहत होती, रागाने नाही, संशयानेही नाही. मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही.

“राजव्वा, त्या दिवशी ती डबी...”

“डबीचं काय, अन्ना,” ती म्हणाली. “डबी ओरडली असती तरी ते वर आले असते का? त्यांच्या डोक्यात माझी घाई होती. मी तेच धरून बसलेय इतकी वर्षं. माझा भाऊ अजून येतो दसऱ्याला. मी मटण शिजवत नाही.”

ती थांबली. मी पुढे काही बोलेन म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं.

“डबी जुनी झालीय, एवढंच म्हणत होतो,” मी म्हणालो. नव्या चुंबकाबरोबर बसवलेली ती डबी महिन्याचीही झाली नव्हती.

त्या दिवसापासून माझ्यासाठी आकडा कधी उतरला नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शुक्रवारी साडेअकराला एकटा उभा राहिलो, खड्ड्यात उतरूनही उभा राहिलो. वीस पूर्णांक नऊ. वास नाही, काही नाही. शेजारच्या संगणकावर रेषा सरळ. मला वाटलं, त्याने ऐकलं. त्याने सोडून दिलं. कितीतरी वर्षांनी मी शुक्रवारी पोटभर जेवलो. हैमवती, माझी बायको, म्हणालीसुद्धा, आज काय लॉटरी लागली का.

गेल्या आठवड्यात मी दुपारी व्हरांड्यातून जात होतो. राजव्वा बादली घेऊन खोलीतून बाहेर आली आणि दार ओढून घेता घेता थांबली.

“अन्ना, एक विचारू? हसायचं नाही.”

“विचार.”

“मी एकटी आत फडकं मारते ना, तेव्हा तो आकडा खाली येतो. आधी कधी यायचा नाही. आता येतो. काल वीसवर आला होता. आज...” तिने मागे वळून दाराजवळच्या पाटीकडे पाहिलं. तिथे वीस पूर्णांक नऊ होतं. “आज त्याच्याही खाली होता. मी काही चुकीचं करतेय का?”

“तू काही चुकीचं करत नाहीस.”

“मग?”

“तू एकटी आत जाऊ नकोस. सैदुलूला घेऊन जा. मी सांगतो त्याला.”

ती हसली. सहा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“एकटी कुठे असते मी तिथे, अन्ना,” ती म्हणाली आणि बादली उचलून नळाकडे गेली.

तिला दुसऱ्या मजल्यावर काम द्यावं असा अर्ज मी त्याच दिवशी लिहून दिला. कारणाच्या जागी प्रकृती असं लिहिलं. मंजुरी आलेली नाही. मधे एक शुक्रवार येऊन गेला, उद्या पुन्हा शुक्रवार आहे, आणि ती पिन मी काढली होती हे राजव्वाला सांगायचं अजून राहिलं आहे.